६१७४ आणि हरवलेलं शून्य

गणिताच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगच्या पहिल्याच तासाला धक्का बसतो तो बरोबरच्या चिन्हाचा. फळ्यावर ‘क्ष = क्ष + १’ दिसतं आणि शाळेपासून समीकरणं सोडवत आलेला मुलगा म्हणतो, हे कसं शक्य आहे? त्याचं चुकत नाही. पण इथे ते विधान नसून आज्ञा आहे: क्षची आत्ताची किंमत घे, एक मिळव, उत्तर परत क्षमध्येच ठेव.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्याच प्राध्यापकांनी १९६४ साली ‘बेसिक’ भाषा घडवली. तिच्यात अशा ओळीआधी ‘लेट’ हा शब्द लिहावाच लागे. आज्ञा आहे हे वाचतानाच कळायचं. शिवाय ती शिकवली गेली गणिताच्या तासांमधूनच. ते शहाणपणाचं होतं. पगारपत्रकं आणि बिलं यांच्या उदाहरणांत गणिताचा विद्यार्थी रमत नाही.

त्याला द्यावं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं ६१७४. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे दहा-बारा ओळींचं काम. ३५२४ घातलं की ३०८७, ८३५२, ६१७४. पोरं खूश! मग कुणीतरी २१११ घालतं. २१११ वजा १११२, उरले ९९९. पुढच्या फेरीत ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य. कापरेकर चुकले की काय? नाही, प्रोग्रामने पुढचं शून्य गिळलं. ०९९९ धरलं की ८९९१, ८०८२, ८५३२ करत गाडी ६१७४ला पोचते. ‘चार आकडी’ म्हणजे नेमकं काय, हे व्याख्येत सांगायचं राहिलं होतं. कागदावर अशी फट सहज खपून जाते.

अशा सगळ्या ९,९९० अंकगटांची तपासणी झाली की ती सिद्धताच. मात्र एरवी, संख्यांना अंतच नसेल तिथे, सावध राहावं; कितीही उदाहरणं जुळली तरी ती सिद्धता नव्हे. संख्यांच्या मूळ अवयवांबद्दलचा गणितज्ञ पोल्या यांचा अंदाज १९१९ सालचा. तो पहिल्यांदा मोडतो ९०,६१,५०,२५७ या संख्येला.

आता हाच प्रोग्राम पाच अंकांवर चालवून पाहा. ५३९५५पासून ५९९९४, त्यापासून पुन्हा ५३९५५. थांबायची अट लिहिली नसेल तर तो रात्रभर फिरत राहील.