इनटेक मॅनिफोल्ड बदलला की पॉवर वाढते का?

वाढते. पण कोणत्या आरपीएमला, हे रीलवाले सांगत नाहीत!

मॅनिफोल्डमधल्या ज्या नळ्या सिलिंडरला हवा पोचवतात, त्या रनर. व्हॉल्व्ह बंद झाला की धावत आलेली हवा त्यावर आपटते आणि दाबाची लाट रनरमध्ये मागे-पुढे फिरते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडताना ती नेमकी पोचली, तर सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते. लांब रनरचा हा मेळ कमी आरपीएमला बसतो, आखूडचा जास्त आरपीएमला. 1991 ची ल माँ शर्यत जिंकलेल्या माझदा 787बी मध्ये तर रनरची लांबी धावता धावता बदलायची. (तिचं इंजिन रोटरी, त्यात व्हॉल्व्हच नाहीत, पण लाटेचं गणित तेच.)

आता ट्रॅफिकमध्ये 2-3 हजार आरपीएमवर चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या गाडीला आखूड रनर लावले, तर सिग्नलवरून उचलताना ती मरगळलेलीच वाटणार. वर ईसीयू जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहिला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनची वाट लागू शकते. म्हणून पार्टच्या किमतीत ट्यूनिंगचा खर्च धरा आणि गॅरेजवाल्याकडे डायनोचा पूर्ण टॉर्क ग्राफ मागा, नुसता सगळ्यात मोठा आकडा नको.