ना परवाना, ना भाषा, ना ओळख

मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांचे रील्स तुमच्याही मोबाइलवर येत असतील. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, पाठीवर सॅक, मागे केनियातलं नाहीतर ग्वाटेमालातलं एखादं गाव आणि कडेवर तिथलंच एखादं मूल. याला ते 'समर मिशन ट्रिप' म्हणतात. चर्चच्या वतीने काही आठवडे परदेशात जायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना शिकवायचं, आपल्या धर्माबद्दल बोलायचं आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत घरी परतायचं. आपला एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प आठवला ना? पेण-रोह्याच्या कॉलेजांतून ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांवर गेलेल्यांना, धर्माचा भाग सोडला तर, यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

अमेरिकन मिशनरी संस्थेने परदेशी पाठवलेल्या पहिल्यावहिल्या तुकडीतली काही मुलं मात्र थेट आपल्याकडे, मुंबईत येऊन थडकली होती. त्यांचे पहिले दिवस रील करण्यासारखे अजिबात नव्हते.

गोष्ट सुरू होते १८०६च्या ऑगस्टमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात. पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी माळावर जमले, वादळी पाऊस आला आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. आपण जिला उडवी म्हणतो ना, तसलीच गंजी. तिथे बोलता बोलता ठरलं, की परदेशात जाऊन धर्मप्रसार करायचा. कॉलेजात असताना पावसात अडकून आपणही काय काय ठरवतो, पण या मुलांनी ते सोडून दिलं नाही. चार वर्षांत त्यांच्या आग्रहातून 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था उभी राहिली. १८१२च्या फेब्रुवारीत दोन जहाजं कलकत्त्याकडे निघाली. त्यांत होता त्याच कॉलेजातून १८०८ साली बाहेर पडलेला गॉर्डन हॉल, वय २७. सॅम्युअल नॉट त्याच्याहून लहान. आणि सॅम्युअल न्यूएलची बायको हॅरिएट फक्त १८ वर्षांची, म्हणजे तुमच्यातल्या एफवायच्या मुलीएवढी.

याच सुमारास अमेरिका आणि इंग्लंडमध्ये युद्ध पेटलं. त्यामुळे कलकत्त्यात ही मंडळी शत्रूदेशाची नागरिक ठरली. त्यात ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्मावरून लोक बिथरले तर धंदा आणि राज्य दोन्ही धोक्यात, असा कंपनीचा सरळ हिशोब. कित्येक महिने समुद्रात काढून आलेल्यांचं स्वागत कशाने झालं, तर निघून जाण्याच्या हुकमाने.

न्यूएल पती-पत्नी मॉरिशसच्या जहाजात बसले. हॅरिएट गरोदर होती. वाटेत, बोटीवरच, तिला मुलगी झाली आणि काही दिवसांतच ती बाळी गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएटही क्षयाने गेली. वय १९. पुढे अमेरिकेत तिच्या चरित्राच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि ते वाचून अनेक मुली मिशनरी व्हायला निघाल्या. मला मात्र यात त्या मुलीचं एकटेपण जास्त दिसतं.

हॉल आणि नॉट कंपनीची नजर चुकवून मुंबईच्या जहाजात बसले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबई बंदरात उतरले, पण त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचा कलकत्त्याचा हुकूम आधीच लागू होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीचे पुरस्कर्ते, मनाने यांच्या बाजूचे, पण हुकूम वरून आलेला. पुढचं जवळजवळ वर्ष अर्ज, विनंत्या आणि तारखांमध्ये गेलं. व्हिसासाठी खेटे घातले असतील तर तुम्हाला हे सांगायला नको. एकदा तर दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीनपर्यंत पळाले आणि पकडून परत आणले गेले. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नव्याने मंजूर करताना मिशनऱ्यांना दार उघडलं, तेव्हा कुठे त्यांचं राहणं पक्कं झालं.

या सगळ्या काळात ते करत काय होते? मराठी शिकत होते. ज्यांना 'शिकवायला' आले, त्यांच्याच भाषेची बाराखडी गिरवत होते. 'पाणी द्या' म्हणता येत नसेल तर प्रवचन काय देणार?

पुढे १८१५मध्ये शाळा सुरू झाली, मग छापखाना आला, १८२४मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. धर्मांतरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हॉल १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने वारला. जवळची औषधं त्याने वाटेतल्या आजाऱ्यांना वाटून टाकली होती. मराठी 'नवा करार' त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

आता खाडीच्या अलीकडे, आपल्या बाजूला येऊ. हे लोक मुंबईत उतरले तेव्हा पेण पेशव्यांच्या मुलखात होतं. पेशवाई गेल्यावर मिशनच्या शाळा कोकणपट्टीतही निघाल्या. तिथे त्यांना भेटले बेने इस्रायल: तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर. घरात मराठी, कपाळी शनिवारचा विसावा, आणि हिब्रू जवळजवळ विसरलेली. मिशनने त्यांच्या मुलांना शाळेत घेतलंच, त्यांच्यातले शिक्षकही नेमले. मागून आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं.

मिशनऱ्यांना वाटत होतं, हे शिकले की ख्रिस्ती होतील. ते शिकले आणि आणखी पक्के ज्यू झाले! जुना करार मराठीत वाचायला मिळाला, हिब्रू पुन्हा जिभेवर आली, आणि शतक संपायच्या आत कोकणात गावोगावी सिनेगॉग उभी राहिली. पेणचं 'बेथ हाएलोहीम' त्यातलंच. गंमत म्हणजे याच समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी या मिशनऱ्यांचे उपकार मोकळेपणाने मान्य केले आहेत.

१९४८ नंतर पेणकर-रोहेकरांची बरीच घरं इस्रायलला गेली. तिथेही पहिले दिवस परके. तुम्ही खरे ज्यू आहात का, इथपासून प्रश्न. धर्मपीठाने लग्नांवर घेतलेल्या शंकेविरुद्ध त्यांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४मध्ये ते मिटलं. त्या देशात हिब्रू बोलता बोलता या लोकांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं.