उपक्रम-नोंदणी प्रणालीशी कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यकाची जोडणी

उपक्रम-नोंदणी प्रणालीशी कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यकाची जोडणी ही संगणकशास्त्रातील एक उपयोजित पद्धत आहे. व्यावसायिकांनी समाजात राबवलेल्या प्रशिक्षण, व्याख्यान, प्रात्यक्षिक, मेळावा अशा उपक्रमांची नोंद ज्या प्रणालीत ठेवली जाते, त्या प्रणालीतील माहिती वाचण्याची आणि तीत नवी माहिती भरण्याची मुभा या पद्धतीत संभाषणक्षम साहाय्यकाला दिली जाते. त्यामुळे साध्या मराठीत सांगितलेल्या वृत्तान्तावरून अहवालाचे रकाने भरता येतात. मात्र वृत्तान्त खरा आहे की नाही, हे साहाय्यकाला ठरवता येत नाही. म्हणून नोंदीला अंतिम मंजुरी देण्याचे काम माणसाकडे ठेवणे हा या पद्धतीचा गाभा मानला जातो.

पार्श्वभूमी

अनेक व्यावसायिक कार्यक्रमांत सामाजिक उपक्रमांच्या नोंदीवर मूल्यमापन अवलंबून असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ या सन्मानासाठी तंत्रज्ञांनी दिलेली व्याख्याने, केलेले लेखन आणि इतरांना केलेली मदत विचारात घेतली जाते व सन्मानाचे दरवर्षी पुनर्विलोकन होते. ‘गूगल डेव्हलपर एक्स्पर्ट्स’ या कार्यक्रमातील तज्ज्ञांनाही आपल्या उपक्रमांची नोंद द्यावी लागते.

भारतातील शेती विस्तारकार्यात अशा नोंदींना त्याहून मोठे स्थान आहे. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे स्थापन झाले. प्रक्षेत्र चाचण्या, आद्यरेषीय प्रात्यक्षिके आणि शेतकऱ्यांचे प्रशिक्षण ही या केंद्रांची प्रमुख कामे आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१६ मध्ये या केंद्रांसाठी सामाईक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर केंद्रांनी आपले कार्यक्रम व मासिक प्रगती अहवाल भरणे अपेक्षित असते.

पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे केंद्र ग्रामोन्नती मंडळ ही संस्था चालवते. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पूर्व भागात टोमॅटो, कांदा, ऊस यांसारखी बागायती पिके आहेत, तर पश्चिमेकडील सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात भात आणि हिरडा महत्त्वाचा आहे. शेतीचे स्वरूप इतके भिन्न असल्याने कोणता उपक्रम, कोणत्या गावात आणि कोणासाठी झाला, याची अचूक नोंद नियोजनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

जोडणीची रचना

साहाय्यकाच्या मुळाशी असलेले भाषिक प्रारूप केवळ मजकूर तयार करते. बाहेरच्या प्रणालीत नोंद करण्यासाठी त्याला मध्यस्थ लागतो. या मध्यस्थीसाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक प्रसिद्ध केले. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही ते स्वीकारले. डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या अखत्यारीतील एका निधीकडे सोपवण्यात आले.

या मानकानुसार रचनेचे तीन घटक असतात. वापरकर्ता ज्या अनुप्रयोगात संभाषण करतो तो यजमान, त्यातील जोडणी सांभाळणारा क्लायंट आणि नोंदणी प्रणालीच्या बाजूने उत्तर देणारा सर्व्हर. त्यांच्यातील संदेश ‘जेसन-आरपीसी २.०’ या स्वरूपात जातात. सर्व्हर आपल्याकडील साधनांची यादी जाहीर करतो. उदाहरणार्थ, ‘नोंदी शोधा’, ‘मसुदा तयार करा’, ‘नोंद सादर करा’. प्रत्येक साधनाला कोणते रकाने लागतात आणि त्यांत कोणत्या प्रकारची माहिती चालते, हेही त्यात नमूद असते. यासाठी मूळ प्रणालीत एपीआयची, म्हणजे दुसऱ्या संगणकीय कार्यक्रमाला अधिकृत प्रवेश देण्याची, सोय असावी लागते. ती नसल्यास साहाय्यकाचा उपयोग मसुदा तयार करण्यापुरताच राहतो.

नोंदीची प्रक्रिया

‘काल आंबेगावला टोमॅटोवरील कीडनियंत्रणाचे प्रशिक्षण झाले, ३२ शेतकरी होते, ११ महिला होत्या’ असे वाक्य कर्मचाऱ्याने सांगितले, असे उदाहरण घेता येते. साहाय्यकाला ‘काल’ या शब्दाचे रूपांतर तारखेत करावे लागते, उपक्रमाचा प्रकार निवडावा लागतो आणि संख्या योग्य रकान्यांत भराव्या लागतात. ११ महिला ३२ मध्येच धरलेल्या आहेत की एकूण उपस्थिती ४३ आहे, हे या वाक्यावरून निश्चित होत नाही. अशा वेळी अंदाजाने रकाना भरण्याऐवजी प्रश्न विचारणे ही साहाय्यकाची अपेक्षित वर्तणूक होय.

स्थळाच्या नोंदीतही हीच अडचण येते. ‘आंबेगाव’ हे तालुक्याचे नाव आहे. त्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. ज्या गावावरून तालुक्याला हे नाव पडले, ते डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. शिवाय पुणे शहरात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही वेगळी ठिकाणे आहेत. केवळ नावावर विसंबल्यास डोंगरी तालुक्यातील उपक्रम शहराच्या खात्यावर जमा होऊ शकतो. यावर उपाय म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’तील गावांचे संकेतांक वापरता येतात. सर्व्हरने गावाचे नाव न स्वीकारता संकेतांकच मागितल्यास संदिग्ध नोंद तेथेच अडते.

जोखीम

भाषिक प्रारूपे अपुऱ्या माहितीच्या जागी पटण्याजोगा पण खोटा मजकूर भरू शकतात. हस्तलिखित हजेरीपटाच्या छायाचित्रातील अस्पष्ट आकडा चुकीचा वाचला जाऊ शकतो. डोंगराळ भागात मोबाइलची जोडणी मध्येच तुटली आणि विनंती पुन्हा पाठवली गेली, तर एकच उपक्रम दोनदा नोंदवला जातो. प्रत्येक विनंतीला स्वतंत्र ओळख क्रमांक दिल्यास सर्व्हरला अशी दुबार नोंद ओळखता येते.

बाहेरून आलेल्या दस्तऐवजात दडवलेल्या सूचना साहाय्यकाने आज्ञा समजून पाळणे, हा आणखी एक धोका आहे. त्यामुळे साहाय्यकाला आवश्यक तेवढेच अधिकार दिले जातात; जुन्या नोंदी पुसण्याचा अधिकार सहसा दिला जात नाही. हजेरीपटातील नावे व दूरध्वनी क्रमांक ही व्यक्तिगत माहिती असून, अशा अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ चा अधिनियम आहे. अहवालासाठी केवळ संख्या पुरेशी असल्यास नावे साहाय्यकाकडे न पाठवणे अधिक सुरक्षित ठरते.

मानवी मंजुरी

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या विनिर्देशात साधन वापरण्यापूर्वी वापरकर्त्याला नकार देण्याची संधी असावी, अशी शिफारस आहे. नोंदणीच्या कामात याचा अर्थ मसुदा आणि सादरीकरण हे दोन टप्पे वेगळे ठेवणे असा होतो. पहिल्या टप्प्यात साहाय्यक भरलेले रकाने, गृहीत धरलेल्या बाबी आणि मूळ वाक्य शेजारी शेजारी दाखवतो. दुसऱ्या टप्प्यात उपक्रमास प्रत्यक्ष उपस्थित असलेली व्यक्ती ते तपासून मंजुरी देते. मसुदा कोणी तयार केला, कोणता बदल झाला आणि मंजुरी कोणी दिली, याचा इतिहास प्रणालीत जतन केल्यास पुढे चूक आढळल्यावर तिचा उगम शोधता येतो. साहाय्यकामुळे टंकलेखनाचे श्रम कमी झाले, तरी नोंदीची जबाबदारी मंजुरी देणाऱ्या व्यक्तीकडेच राहते.