'तुम्ही जाऊन या, मी बसते खाली'

फॅमिली ग्रुपवर 'रविवारी कुठेतरी जाऊ या ना' असा मेसेज पडला, की पुढचं ठरलेलं असतं. काका अंगठे टाकतात, आत्या 'देवदर्शन पण होईल असं बघा' म्हणते आणि जागा शोधायचं काम आपल्या गळ्यात पडतं. आपण रील्स बघतो, डोंगरावरचं एखादं भारी देऊळ शोधतो. सगळे तिथे पोचतात, पायऱ्या दिसतात आणि आजी पिशवी मांडीवर घेऊन म्हणते, 'तुम्ही जाऊन या, मी बसते खाली.'

हे वाक्य तुमच्याही घरात असणार. आपण वर जातो, चाळीस फोटो काढतो, खाली येऊन तिच्या हातावर प्रसाद ठेवतो. दिवसभरात तिने पाहिलेलं असतं फक्त पार्किंग.

म्हणून या वेळी प्लॅन उलटा करून बघा. आधी घरातले सगळ्यात दुखरे गुडघे कुणाचे ते पाहा आणि त्यांच्या हिशेबाने जागा ठरवा. पुण्यातून निघणार असाल, तर दिवेघाट, सासवड, जेजुरी, भुलेश्वर आणि सोलापूर रोडने परत, असा एका दिवसाचा छान गोल होतो. शक्यतो रविवार नको. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठीला तर जेजुरीत म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊच नका, गर्दीत ओळीने चढणंही कठीण होतं.

सकाळी सहाला घर सोडा. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो, पण वळणावर गाडी थांबवून सेल्फी वगैरे नको. वारीत माउलींची पालखी चढते तो हाच घाट. सासवडला चहा घ्या आणि सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्या. ज्ञानेश्वरांच्या या धाकट्या भावाची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. आचार्य अत्रे याच मुलखातले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात आहे ती कऱ्हा इथलीच.

जेजुरी आधी घ्यायची, कारण दगड तापायच्या आत पायऱ्या झालेल्या बऱ्या. अनवाणी चढणाऱ्यांना अकरानंतर चटके बसतात. पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, पण त्या एका दमात चढायच्या असा काही नियम नाही. वाटेत कमानी आहेत, दीपमाळा आहेत आणि मुख्य म्हणजे मध्येच बानूचं देऊळ आहे. खंडोबाची दुसरी बायको बाणाई, म्हणजेच बानू. ती धनगराची लेक. पहिली म्हाळसा वर गडावर आणि बानू अर्ध्या वाटेवर, ही सवतींची गोष्ट आजीला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिला बानूपर्यंत न्या आणि सावलीत टेकवा. तिथून पुढे जायचं की नाही ते तिला ठरवू द्या. नाही म्हणाली, तर एकाने तिच्यापाशी थांबायचं. पाळीपाळीने थांबा, दर वेळी आईच नको.

आणि थांबलात तर मोबाइल खिशात ठेवून तिला विचारा: आपल्याकडे तळी कशी भरतात? खूप घरांचं कुलदैवत खंडोबा असतं, पण ताम्हनात काय काय ठेवायचं, ते किती जणांनी उचलायचं, 'येळकोट येळकोट'नंतर घरातलं काय म्हणायचं, हे आपल्यातल्या कितीजणांना सांगता येईल? चातुर्मासात बंद केलेली वांगी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा सुरू होतात, यामागचं घरातलं गणितही तिलाच माहीत असतं. या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात. रेकॉर्ड करा, ती 'पुरे' म्हणेपर्यंत.

वर पोचणाऱ्यांसाठी अंगणातलं मोठं पितळी कासव आणि हवेतला भंडारा आहेच. भंडारा उधळताना दुसऱ्याचे डोळे सांभाळा. घेताना वास घेऊन बघा, खऱ्या हळदीचा वास लपत नाही. गडाच्या मागे अजून उंचावर कडेपठार आहे, खंडोबाचं जुनं ठाणं. ती चढण मोठी आहे. मोह होईल, पण आज नाही.

डब्याबद्दल एक सांगते. 'बाहेरचं कशाला' म्हणत आई पहाटे चारला उठून दशम्या करते आणि मग दुपारी गाडीत झोपून जाते. सुट्टी सगळ्यांची, तिची सोडून! शेंगदाण्याची चटणी, दशम्या, काकडी एवढं आदल्या रात्री आपल्याला जमतं. कणीक मळायला डिग्री लागत नाही.

जेजुरीहून आतल्या रस्त्याने माळशिरस गावाजवळच्या भुलेश्वरला जा. इथे गाडी डोंगरावर जवळजवळ देवळापर्यंत जाते, आणि माझ्या मते या दिवसातली सगळ्यात भारी जागा हीच. लांबून देऊळ वाटतच नाही. घुमट आणि बुरुज दिसतात. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला. पुणं उद्ध्वस्त केलं तोच हा मुरार जगदेव. देऊळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, यादवकाळातलं. आतल्या पायऱ्या थोड्याच आहेत, पण उंच आणि अंधाऱ्या. तेव्हा टॉर्च लावून आजीचा हात धरा. एकदा वर आलात की भर दुपारीही काळ्या दगडाचा गारवा लागतो. भिंतींवर महाभारतातले प्रसंग आहेत, बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत. त्यातच मांडी घालून बसलेला स्त्रीरूपातला गणपती शोधा. पायाशी उंदीर आहे, त्यावरून सापडतो. की सापडते म्हणू? आजीला विचारा, ती काय म्हणते ते ऐकण्यासारखं असेल.

'पुरंदर का नाही?' असं एखादा चुलतभाऊ विचारणारच. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये तिथला, १६६५ चा तह तिथला, सगळं मान्य. गाडीही बरीच वर जाते. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, वेळेचं बंधन असतं आणि बालेकिल्ल्यावरच्या केदारेश्वराला जायचं तर पुन्हा दमवणारी चढण. म्हणजे पुन्हा कुणीतरी खाली. पुरंदर कॉलेजच्या ग्रुपबरोबर करा.

भुलेश्वरहून चारच्या आत निघा आणि यवतला हायवे पकडा. उशीर केलात तर हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल. आणि पुढची सीट आजीला द्या, मागे मधल्या सीटवर बसून तिला समोरच्या डोक्यांशिवाय काही दिसत नाही.