अडचणीचा रकाना
१९९४ साली भोसरीच्या एका कारखान्यात मी पाळीप्रमुख होतो. मोठे साहेब जपानी पद्धतीचं पुस्तक वाचून आले आणि प्रत्येक मशीनशेजारी फळा लागला : ठरलेले नग, झालेले नग, अडचण.

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी महायुद्धानंतर रुजवलेल्या 'कानबान'चा अर्थच मुळी पाटी. पुढच्या खात्याला लागेल तेवढंच मागच्यानं करायचं, हे ती सांगते. आणि बिघाड दिसला की कामगारानं दोरी ओढायची. दिवा लागतो, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला तिथं बोलणी खावी लागत नाहीत, एवढं मात्र आम्ही पुस्तकातून उचललं नाही.

अडचण लिहिणाऱ्याला मीच झापायचो. महिन्याभरात तो रकाना कोरा. फळा कसा लख्ख!

मग एका रात्रपाळीत गेज झिजल्याचं ऑपरेटरला दिसलं, पण त्यानं लिहिलं नाही. सकाळी २०० नग भंगारात.

"का रे लिहिलं नाहीस?"

"साहेब, लिहिलं असतं तर तुम्ही आधी मलाच धरलं असतं."

मी खडू घेतला आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली दोन ओळी होत्या. एक तर वाचवतही नव्हती.