इसवी सन ७८ : शककालाचा आरंभ

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आदिलाबादच्या मराठी घरांवर गुढी उभारली जाते, तेव्हाच शेजारच्या तेलुगू घरी उगादीची पच्चडी वाटली जाते. भाषा दोन, परंतु दोन्ही घरांतील पंचांगांवर वर्षाचा आकडा एकच असतो. तो असतो शालिवाहन शकाचा. ही गणना इसवी सन ७८ पासून चालते, हे विद्यार्थी पाठ करतात. त्या वर्षी नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

त्या काळच्या जगाकडे प्रथम दृष्टी टाकू. रोममध्ये व्हेस्पेशियन सम्राट राज्य करीत होता. पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले आणि व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई नगर गाडले गेले. चीनच्या हान साम्राज्याचा सेनानी बान चाओ याने ७८ साली मध्य आशियातील गुमो राज्यावर स्वारी केली. भारताच्या वायव्येस कुषाण, पश्चिमेस शक क्षत्रप आणि दक्षिणेत सातवाहन अशा सत्ता होत्या. सातवाहनांची नाणी पैठणला सापडतात, तशीच ती आपल्या अगदी जवळही सापडली आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या पलीकडच्या काठी, आजच्या जगित्याल जिल्ह्यात, कोटिलिंगाला हे गाव आहे. तेथे या घराण्याचा आद्य राजा सिमुक याच्या नावाची नाणी मिळाली.

परंपरा सांगते की, पैठणच्या शालिवाहनाने शकांचा पराभव केला आणि त्या विजयाचे स्मारक म्हणून ही गणना सुरू झाली. या कथेतील पराभव खरा आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन व पल्हव यांचा नाश केल्याचे सांगतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा उमटविला होता. विजयाचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

परंतु गणनेचा पुरावा वेगळी साक्ष देतो. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या कारकिर्दीचे वर्ष देत. बलश्रीचा लेखही तिचा नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. याउलट, क्षत्रप चष्टनाच्या घराण्याने एकच गणना पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालविली. कच्छमधील अंधौ येथे वर्ष ११ आणि वर्ष ५२ चे लेख आहेत. गिरनारच्या रुद्रदामनाच्या लेखात वर्ष ७२, म्हणजे इसवी सन १५०, असा उल्लेख येतो. हा शककालच होय. तो कुषाण सम्राट कनिष्काने सुरू केला, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. आता बहुतेक अभ्यासक कनिष्काचा आरंभ इसवी सन १२७ च्या सुमारास मानतात आणि ७८ च्या गणनेचा संबंध चष्टनाशी जोडतात.

क्षत्रपांची सत्ता पुढे लयास गेली, गणना मात्र उरली. वराहमिहिराने आपल्या गणितासाठी शक ४२७ हे वर्ष आधाराला घेतले. बदामीच्या चालुक्य पुलकेशीचा लेख शक ४६५ चा आहे. ऐहोळेचा शक ५५६ चा लेख तर ही वर्षे शक राजांची असल्याचे स्पष्टच नमूद करतो. शालिवाहनाचे नाव या गणनेला चिकटले ते तेराव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांनी.

यावरून शालिवाहनाची कथा टाकाऊ ठरते असे नव्हे. लोकांच्या स्मृतीने विजेत्याचे नाव जपले आणि ज्योतिष्यांच्या गणिताने पराभूतांचा आकडा जपला. कालांतराने दोहोंची सांगड घातली गेली. मात्र स्मृती कोणती आणि पुरावा कोणता, हे वेगळे ओळखता येणे म्हणजेच इतिहासाचे शिक्षण होय. आपल्या पूर्वजांचा गौरव करण्यासाठी जोगळटेंभीची नाणी पुरेशी आहेत. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर मांडण्याची गरज नाही.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यासाठी निवडली गेली ती हीच शकगणना. परक्या म्हणून आलेल्या राजघराण्याचा आकडा अशा रीतीने सर्व देशाचा झाला. तो टिकला, कारण पुढच्या पिढीने मागच्या पिढीची मोजणी पुसून टाकली नाही. येत्या पाडव्याला पंचांग उघडताना आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.