उत्साह, प्रभाव आणि मंत्र

वाढत्या उद्योगाच्या धन्यानें कोणत्या बळावर पाऊल पुढें टाकावें, हा प्रश्न नवा नव्हे. स्वारीस निघणाऱ्या राजाविषयीं विचार करितांना कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत आधीं पूर्वाचार्यांचें मत दिलें आहे, कीं उत्साह श्रेष्ठ. मग तो तें खोडून काढतो. उत्साहाहून प्रभाव, म्हणजे कोश व सैन्य यांचें बळ मोठें. आणि प्रभावाहूनही मंत्र, म्हणजे आगाऊ केलेला विचार मोठा. हल्लींचे व्यवस्थापक ज्यास प्लॅनिंग म्हणतात, तें आमच्या मतें हेंच.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें याचा पडताळा पाहावयास मिळतो. धूत घराण्याच्या व्हिडिओकॉन कंपनीचा चितेगांवचा कारखाना एके काळीं या शहराचें भूषण होता. घरोघर रंगीत टेलिव्हिजन आले, तेव्हां कंपनीजवळ उत्साह होता आणि प्रभावही आला. २००५ सालीं तिनें थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पण जग त्याच सुमारास सपाट पडद्यांकडे वळत होतें. पुढें खनिज तेल झालें, २००८ सालीं मोबाइल सेवेचे परवाने झाले. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें १२२ परवाने रद्द केले, त्यांत या कंपनीचेही गेले. यास दैव म्हणणारे म्हणोत. परंतु इतक्या निरनिराळ्या धंद्यांत कर्जाच्या पैशानें शिरणें हें कांहीं दैवानें केलें नव्हतें. जून २०१८ मध्यें दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. धनकोंचे मान्य दावे सुमारें ६४,८०० कोटि रुपयांचे. २०२१ सालीं मंजूर झालेला देकार सुमारें २,९६२ कोटींचा, म्हणजे रुपयास पांच पैशांहूनही कमी. तोही जानेवारी २०२२ मध्यें अपील न्यायाधिकरणानें रद्द ठरविला.

अशा प्रसंगीं बँकांजवळ निदान तारण असतें. सुटे भाग पुरविणारा लहान कारखानदार उधारीवर माल देतो, आणि वाटणीच्या वेळीं त्याचा क्रम बँकांच्या मागें लागतो. त्यानें भांडवलासाठीं राहतें घर गहाण ठेविलेलें असेल, तर मोठ्या धन्याच्या अविचाराची झळ कोठवर पोंचते हें एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

वाळूजची गोष्ट निराळी आहे. १९८५ सालीं तेथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षीं अनुरंग जैन यांनीं औरंगाबादेंत अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांचा लहानसा उद्योग मांडला. बजाज हें त्यांचें आजोळ, हेंही सांगितलेंच पाहिजे. ओळखीनें दार उघडतें खरें. पण एन्ड्युरन्स या नांवानें वाढलेला हा उद्योग गाडीचे भाग सोडून भलतीकडे गेला नाहीं. ओतीव भागांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक, क्लच यांची जोड मिळाली. २००६-०७ च्या सुमारास जर्मनी व इटली येथील ओतकामाचे कारखाने घेतले. मुलूख नवा, विद्या जुनीच.

तिसरें उदाहरण आपल्या स्वयंपाकघरांतलें. भोगले कुटुंबानें १९६८ सालीं सुरू केलेल्या 'निर्लेप'चा तवा गृहिणींस ठाऊक आहेच. (योगी पुरुषास लावावयाचें विशेषण तव्यास शोभून दिसलें, याचें आम्हां संस्कृत शिकविणारांस मोठें कौतुक!) २०१८ सालीं या कंपनीचा सुमारें ८० टक्के हिस्सा बजाज इलेक्ट्रिकल्सनें साडेबेचाळीस कोटि रुपयांस घेतला. घराण्याचें नांव विकलें, असें म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मालाला नांव आहे तोंवर धनी स्वतः किंमत ठरवूं शकतो; धनको दारांत बसल्यावर ती दुसरेच ठरवितात. एकाच शहरांतील हे दोन उद्योग एकाच वर्षीं मूळ धन्यांच्या हातून गेले. चितेगांवचें गिऱ्हाईक न्यायाधिकरणाच्या दारीं शोधावें लागलें. निर्लेपचें गिऱ्हाईक घरच्यांनीं निवडलें, आणि विक्रीनंतरही तव्यावरचें नांव तेंच राहिलें.